अनोळखी ॲप फोनमध्ये घेण्याआधी काय बघायचं, आणि घेऊन झालं असेल तर काय करायचं

मोबाईलमध्ये पसरणारा पहिला व्हायरस म्हणून कॅबिरचं नाव घेतात, २००४ सालचा, सिम्बियन ही तेव्हाची सिस्टिम असलेल्या नोकिया फोनवर ब्लूटूथवरून पसरायचा. पण तो गुपचूप शिरायचा नाही. आधी स्क्रीनवर यायचं की ब्लूटूथवरून काहीतरी येतंय, घ्यायचं का, मग इन्स्टॉल करायचं का, आणि समोरचा माणूस हो हो करत गेला की तो आत. मधल्या काळात फोन पार बदलले, फोनमध्येच बँक आली, फोटो आले, सगळं आयुष्यच आलं, पण तुमच्या माझ्यासारख्यांच्या फोनमध्ये मालवेअर, म्हणजे नुकसान करायला बनवलेला प्रोग्राम, येतो तो बहुतेक वेळा आजही असाच येतो, कोणीतरी आपल्याकडून हो दाबून घेतं. कुलूप तोडायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

काहीही न दाबता फोनमध्ये शिरणारे प्रकारही आहेत, नाही असं नाही, पेगासस हा हेरगिरीचा प्रोग्राम त्यासाठीच चर्चेत आला. पण तसले हल्ले फार महाग असतात आणि पत्रकार, कार्यकर्ते, राजकारणी अशा निवडून काढलेल्या लोकांवर होतात. तुम्ही त्यातले असाल तर फोन कायम अपडेट ठेवा, आणि आयफोन असेल तर त्यातला लॉकडाउन मोड चालू करा, तो अशाच हल्ल्यांपासून वाचवायला फोनच्या बऱ्याच सोयी बंद ठेवतो आणि आयओएस १६ पासून आहे. बाकीच्यांनी आपला वेळ आपण कुठे कुठे हो दाबतो ते बघण्यात घालवावा, त्याचा फायदा कितीतरी जास्त आहे. खाली बरंचसं ॲन्ड्रॉइडबद्दल आहे कारण बाहेरून ॲप टाकायची मोकळीक तिथेच जास्त आहे, आयफोनचं नंतर थोडक्यात सांगतो.

आधी एक सेटिंग बघून घ्या

हे वाचता वाचताच करा म्हणजे राहून जाणार नाही. सेटिंग्समध्ये ॲप्स, तिथे स्पेशल ॲप ॲक्सेस, आणि त्यात इन्स्टॉल अननोन ॲप्स. फोनच्या कंपनीप्रमाणे नावं आणि जागा थोड्या इकडे तिकडे असतात, सापडलं नाही तर सेटिंग्सच्या वरच्या सर्चमध्ये अननोन असं टाका, येईल. पूर्वी संपूर्ण फोनला मिळून एकच बटण असायचं, ते एकदा चालू केलं की कुठूनही काहीही आत यायचं. २०१७ मध्ये ॲन्ड्रॉइड ८ आलं तेव्हापासून ही परवानगी एकेका ॲपला वेगळी द्यावी लागते, म्हणजे क्रोमला वेगळी, व्हॉट्सॲपला वेगळी, फाइल मॅनेजरला वेगळी. तर त्या यादीत कोणाकोणासमोर अलाउड लिहिलंय ते बघा. कधीतरी काहीतरी टाकायला म्हणून ब्राउझरला परवानगी दिलेली असते आणि ती वर्षानुवर्षं तशीच चालू राहते, हे मी ओळखीतल्या खूप फोनमध्ये बघितलंय. सगळ्या बंद करा. खरंच कधी लागली तर तेवढ्यापुरती चालू करायची आणि काम झालं की लगेच परत बंद, यात आळस करू नका.

चॅटमध्ये मेसेजिंग ॲपमधून फाइल येते तो रस्ता सगळ्यात वाईट. तिथे परवानगी चालू असेल तर फाइलवर बोट टेकवलं की सरळ इन्स्टॉलचाच प्रश्न समोर येतो.

एपीके फाइल कशी येते

एपीके म्हणजे ॲन्ड्रॉइड ॲपचीच फाइल, त्यात मुळात वाईट काही नाही, प्ले स्टोअरवरून येतं तेही आतून हेच असतं. प्रश्न ती कोणी दिली हा आहे. आणि देणारे ती एपीके आहे असं सांगून देतच नाहीत. मेसेज येतो की तुमचं पार्सल आलं होतं तुम्ही घरी नव्हता, किंवा खातं आज रात्री बंद होणार आहे, बिल भरलेलं दिसत नाही, किंवा हे फोटो बघ यात तू आहेस. प्रत्येकात घाई किंवा भीती किंवा उत्सुकता यातलं एक तरी असतंच, कारण माणूस शांतपणे विचार करायला लागला की तो इन्स्टॉल करत नाही, म्हणून त्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही.

फ्लूबॉट नावाचा प्रकार २०२१ मध्ये युरोपात असाच पसरला. पार्सलचा एसएमएस, त्यात लिंक, लिंकवर गेलं की पार्सल ट्रॅक करायला हे ॲप टाका. ॲप टाकलं की ते फोनमधले नंबर उचलायचं, बँकेचे पासवर्ड चोरायचं, आणि त्याच फोनवरून पुढच्या लोकांना तसेच एसएमएस पाठवायचं. बऱ्याच देशांच्या पोलिसांनी मिळून त्याची यंत्रणा ताब्यात घेतल्याचं युरोपोल या युरोपच्या पोलीस संस्थेने जून २०२२ मध्ये जाहीर केलं. यातून लक्षात ठेवायची गोष्ट ही की मेसेज खऱ्याखुऱ्या माणसाच्या नंबरवरून येत होते आणि त्या माणसाला पत्ताही नव्हता. त्यामुळे ओळखीच्याने पाठवलं म्हणजे ठीकच असेल हे डोक्यातून काढून टाका. शंका आली तर त्याला फोन करून विचारा, मेसेज करून विचारू नका, कारण त्याचा फोन दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात असेल तर उत्तरही तिकडूनच येऊ शकतं.

फाइलचं नाव शेवटपर्यंत वाचा. आधी इन्व्हॉइस, मग पीडीएफ असं लिहिलेलं असतं आणि त्याच्याही पुढे, एकदम शेवटी, डॉट एपीके असतं, आणि छोट्या स्क्रीनवर नाव मध्येच कापलं गेलं की तो शेवट नजरेतून सुटतो. पण नाव नाही वाचता आलं तरी एक खूण कधी चुकत नाही. फोटो, पीडीएफ, व्हिडिओ, आमंत्रण, पावती यातली कुठलीही गोष्ट उघडायला इन्स्टॉल करावी लागत नाही. फोनने इन्स्टॉल करायचं का असं विचारलं म्हणजे तो कागद नाहीये, ते ॲप आहे. तिथून मागे फिरायचं, फाइल डिलीट करायची, आणि नुसती डाउनलोड झाली असेल पण इन्स्टॉल केली नसेल तर घाबरायचं कारण नाही, नुसत्या पडून असलेल्या एपीकेने काही होत नाही.

दुसरा मोठा रस्ता म्हणजे फुकटचं प्रीमियम. पैसे देऊन मिळणारं ॲप फुकट, गेममध्ये अमर्याद कॉइन्स, व्हॉट्सॲपमध्ये जास्तीचे फीचर्स असलेली बदललेली आवृत्ती. एफएमव्हॉट्सॲप नावाच्या अशाच एका आवृत्तीत ट्रायडा हा ट्रोजन, म्हणजे चांगल्या ॲपच्या आत लपून येणारा मालवेअर, असल्याचं कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने २०२१ मध्ये दाखवून दिलं, आणि तो आला होता आत घातलेल्या जाहिरातींच्या कोडमधून. म्हणजे ॲप बदलणाऱ्याने मुद्दाम केलं असेल किंवा त्यालाही माहीत नसेल, तुमच्या दृष्टीने फरक शून्य. मेसेजिंगच्या ॲपला तुमचे मेसेज, कॉन्टॅक्ट, माइक, कॅमेरा सगळं आधीच दिलेलं असतं, त्यामुळे नेमकं तेच ॲप कोणीतरी उघडून त्यात काहीतरी घालून परत बंद केलेलं वापरणं हे मला तरी सगळ्यात धोक्याचं वाटतं.

आणि अजून रिलीज न झालेलं ॲप. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो आधी मोजक्याच देशांत आला, बाकीचे लोक एपीके शोधत सुटले, आणि तीन दिवसांच्या आत ड्रॉइडजॅक घातलेली नकली फाइल फिरायला लागली होती, ड्रॉइडजॅक म्हणजे लांबून फोन चालवता येईल असा प्रोग्राम. गेम मात्र व्यवस्थित चालायचा. हे नीट समजून घ्या, ॲप नीट चालतंय म्हणजे ते चांगलं आहे असं नसतं. चोराला ॲप नीट चालायलाच हवं असतं, म्हणजे तुम्ही ते काढणार नाही.

आता एक गोष्ट जी फार लोकांना माहीत नसते पण खूप कामाची आहे. ॲन्ड्रॉइडच्या प्रत्येक ॲपवर ते बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, आणि फोन एका सहीच्या ॲपवर दुसऱ्या सहीचं अपडेट बसवूच देत नाही. म्हणून कुठलीही वेबसाइट किंवा व्हिडिओ जेव्हा सांगतो की आधी फोनमधलं ओरिजिनल ॲप काढून टाका आणि मग आमचं टाका, तेव्हा त्याचा अर्थ असा की त्यांच्याकडच्या फाइलवर मूळ कंपनीची सही नाहीये, म्हणजे कोणीतरी त्यात हात घातलाय. याला एक प्रामाणिक अपवाद आहे, एफ-ड्रॉइडसारखी ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना बघता येतो अशा, ॲप्सची स्टोअर्स, ती बरीचशी ॲप्स सोर्स कोडवरून स्वतः बनवून स्वतःची सही करतात. ते काय आहे हे समजून वापरणाऱ्यांनी खुशाल वापरावं. पण कुठल्यातरी व्हिडिओखाली दिलेली डाउनलोड लिंक आणि एफ-ड्रॉइड या एका पंगतीतल्या गोष्टी नाहीत.

प्ले स्टोअरवर आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका

बाहेरच्यापेक्षा प्ले स्टोअर खूपच सुरक्षित आहे, यात वाद नाही. पण तिथेही घुसखोरी होते आणि ती कशी होते ते कळलं की आपल्याला ओळखायला सोपं जातं. नोव्हेंबर २०१७ मध्ये प्ले स्टोअरवर व्हॉट्सॲपच्या नावाने एक नकली ॲप होतं, दहा लाखांच्या वर लोकांनी डाउनलोड केलं, आणि बनवणाऱ्याचं नाव हुबेहूब खऱ्या कंपनीचं दिसत होतं कारण नावाच्या शेवटी त्यांनी डोळ्यांना न दिसणारं एक अक्षर टाकलं होतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने नाव वेगळं, माणसाच्या दृष्टीने तेच. म्हणजे नुसतं नाव बघून भागत नाही. बँकेचं किंवा पैशाशी संबंध असलेलं कुठलंही ॲप असेल तर स्टोअरमध्ये नाव टाकून शोधण्यापेक्षा त्या संस्थेच्या वेबसाइटवर जा आणि तिथल्या लिंकवरून स्टोअर उघडा. शोधल्यावर सगळ्यात वर जे येतं ती कधीकधी जाहिरात असते, ते पण बघा.

डेव्हलपरच्या नावावर टॅप केलं की त्याची बाकीची ॲप्स दिसतात. मोठ्या कंपनीच्या नावाखाली एकच ॲप, तेही गेल्या महिन्यातलं, असं दिसलं तर काहीतरी गडबड आहे. रिव्ह्यू वाचताना सगळ्यात नवे आधी लावा आणि एक स्टारवाले वाचा. पाच स्टारचे विकत मिळतात, पण ज्याचे पैसे गेले किंवा ज्याच्या फोनवर अचानक जाहिराती सुरू झाल्या तो माणूस एक स्टार देऊन चार ओळी लिहून जातो, आणि तीच माहिती आपल्याला हवी असते. डेटा सेफ्टी म्हणून जो भाग २०२२ पासून दिसतो तोही वाचा, पण ती माहिती ॲपवाल्याने स्वतः भरलेली असते एवढं लक्षात ठेवून.

डाउनलोडचा आकडा मोठा असला की आपण निर्धास्त होतो आणि तिथेच फसगत होते. बारकोड स्कॅनर नावाचं एक ॲप होतं, एक कोटीच्या वर डाउनलोड, वर्षानुवर्षं लोक वापरत होते काही त्रास नाही, आणि २०२० च्या डिसेंबरमधल्या एका अपडेटनंतर ते आपोआप ब्राउझर उघडून जाहिराती दाखवायला लागलं. आयरेकॉर्डर नावाचं स्क्रीन रेकॉर्ड करायचं ॲप २०२१ मध्ये स्वच्छ आलं, साधारण वर्षभराने अपडेटमधून त्यात हेरगिरीचा कोड घातला गेला, तो माइकवरून आवाज रेकॉर्ड करून बाहेर पाठवायचा, आणि हे उघडकीला आलं २०२३ मध्ये. या दोन्हीत वापरणाऱ्यांनी टाकताना काही चूक केली नव्हती. म्हणूनच मला वाटतं की सगळ्यात चांगला उपाय म्हणजे फोनमध्ये ॲप्सच कमी ठेवणं. क्यूआर कोड आता बहुतेक फोनचा कॅमेराच वाचतो, टॉर्च फोनमध्येच असतो, स्क्रीन रेकॉर्डही बऱ्याच फोनमध्ये असतं, पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडतो. ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट नावाचं टॉर्चचं ॲप लोकेशन घेऊन जाहिरातवाल्यांना देत होतं म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये त्याच्यावर कारवाई केली होती. टॉर्चसाठी लोकेशन! सहा महिन्यांत जे ॲप उघडलं नाही ते काढून टाका, परत लागलं तर दोन मिनिटात येतं.

अजून एक प्रकार असा की स्टोअरवरचं ॲप स्वच्छ असतं, उघडल्यावर ते स्वतःच सांगतं की नवं व्हर्जन आलंय अपडेट करा, आणि अपडेटच्या नावाखाली बाहेरून एपीके आणतं. ओळखायचं कसं, तर खरं अपडेट प्ले स्टोअरकडून येतं आणि त्याला वेगळी परवानगी लागत नाही. अपडेट करताना फोनने विचारलं की या ॲपला अननोन ॲप्स इन्स्टॉल करू द्यायचं का, तर तिथेच थांबा आणि ते मूळ ॲपही काढून टाका.

परवानग्या, आणि त्यातल्या चार ज्या खरोखर जड आहेत

कॅमेरा, माइक, लोकेशन, कॉन्टॅक्ट या परवानग्या ॲन्ड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, वापरताना एकेक विचारल्या जातात आणि नाही म्हणता येतं. नाही म्हणायची सवय लावा. ज्या क्षणी ज्या कामासाठी लागते त्या क्षणी द्या, आणि ॲन्ड्रॉइड ११ पासून फक्त या वेळेपुरती असा पर्याय आहे तो वापरा. कॅमेरा किंवा माइक चालू असला की ॲन्ड्रॉइड १२ पासून वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसते, आयफोनवर आयओएस १४ पासून हिरवा आणि केशरी ठिपका असतो. तुम्ही काही रेकॉर्ड करत नसताना ती खूण दिसली तर वरून पॅनेल ओढून कुठलं ॲप आहे ते बघा.

एसएमएसची परवानगी मात्र वेगळी धरा, कारण ओटीपी तिथेच येतात. जोकर नावाचा मालवेअर याच जोरावर चालायचा, वॉलपेपर किंवा फोटो एडिटरसारख्या साध्या ॲपमध्ये लपून तो तुमच्या नकळत पैसे लागणाऱ्या सेवांची सदस्यता घ्यायचा, कन्फर्म करायचा कोड स्वतःच वाचायचा, आणि पैसे मोबाईलच्या बिलात लागायचे. गुगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं होतं की या एकाच टोळीची १७०० ॲप्स त्यांनी स्टोअरवरून काढली.

पण या सगळ्यांपेक्षा जड चार परवानग्या वेगळीकडे, सेटिंग्समध्ये आत असतात, आणि त्या देताना फोन मोठी सूचना दाखवतो जी कोणी वाचत नाही.

पहिली ॲक्सेसिबिलिटी. ही सोय ज्यांना दिसत नाही किंवा हात नीट चालत नाहीत अशा लोकांसाठी आहे, टॉकबॅक स्क्रीनवरचं वाचून दाखवतं ते याच्याच आधारावर, आणि त्यांच्यासाठी ती फार मोलाची आहे. पण याचाच अर्थ असा की ज्या ॲपला ही परवानगी मिळते ते स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. बँकांचे पैसे चोरणारे मालवेअर पहिल्यांदा हीच मागतात. एकदा ती मिळाली की बाकीच्या परवानग्या ते स्वतःच हो दाबून घेतात, आणि तुम्ही ॲप काढायला सेटिंग्समध्ये गेलात की स्वतःच बॅक दाबून तुम्हाला बाहेर काढतात. म्हणजे घराची चावीच नाही, घरमालकाचे हातही दिले असं होतं ते. व्हिडिओ प्लेअर, क्लीनर, पार्सलचं ॲप, पीडीएफचं ॲप, यातल्या कोणालाही ॲक्सेसिबिलिटी लागत नाही. मागितली की ॲप काढा, पुढे वाचतच बसू नका.

दुसरी नोटिफिकेशन ॲक्सेस, ही दिली की बऱ्याच फोनमध्ये एसएमएसची परवानगी नसतानाही ओटीपी वाचता येतो कारण तो नोटिफिकेशनमध्ये दिसतोच. स्मार्टवॉचच्या ॲपला ती लागते, बाकी फार थोड्यांना. तिसरी डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स, म्हणजे दुसऱ्या ॲपच्या वर स्वतःची खिडकी काढायची मुभा. तुम्ही बँकेचं ॲप उघडता, त्याच्यावर तसाच दिसणारा नकली लॉगिन येतो, तुम्ही पासवर्ड टाकता आणि तो भलतीकडे जातो. चौथी डिव्हाइस ॲडमिन, ही मिळालेलं ॲप साध्या पद्धतीने अनइन्स्टॉलच होत नाही. आज थोडा वेळ काढून या चारही याद्या उघडा आणि जे नाव ओळखता येत नाही ते बंद करा.

ॲन्ड्रॉइड १३ पासून गुगलने एक अडसर घातलाय, चॅटमधून किंवा वेबसाइटवरून आलेली एपीके थेट टाकली तर तिला ॲक्सेसिबिलिटी देताना रिस्ट्रिक्टेड सेटिंग असं म्हणून फोन अडवतो. यावर चोरांचा उपाय असा की तेच तुम्हाला चित्रं दाखवून शिकवतात, ॲप इन्फोमध्ये जा, वरच्या तीन टिंबांवर दाबा, अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्स करा. इतक्या प्रेमाने कोणी फोनचं कुलूप उघडायला शिकवत असेल तर फोन ठेवून द्या. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधली ॲप्स तपासणारी गुगलची सोय, बंद करा असं सांगणाऱ्यालाही तेच लागू. आणि फोनवर बोलता बोलता मी मदत करतो म्हणून स्क्रीन शेअर करायचं किंवा लांबून फोन चालवायचं ॲप टाकायला लावतात त्यालाही. ते ॲप स्टोअरवरचं असतं, खरं असतं, पण ज्याला तुम्ही आत घेताय तो खरा नसतो. कुठलीही बँक किंवा कंपनी स्वतःहून फोन करून असं करायला सांगत नाही.

तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले

ही पाटी ब्राउझरमध्ये दिसली तर ती खोटी असते, नेहमीच, कारण वेबपेजला तुमचा फोन आतून तपासताच येत नाही. त्यातलं काहीच दाबू नका, बंद करायचं बटणही नाही, टॅबच बंद करा. त्या पाटीखाली जे अँटिव्हायरस टाकायला सांगतात तोच बहुधा मालवेअर असतो. स्टोअरवरची अँटिव्हायरस ॲप्सही सगळी खरी नसतात, २०१४ मध्ये व्हायरस शील्ड नावाचं विकतचं ॲप खूप खपलं आणि नंतर कळलं की ते फुलीच्या जागी बरोबरची खूण दाखवण्यापलीकडे काही करतच नव्हतं. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या अँटिव्हायरस तपासणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये ॲन्ड्रॉइडची २५० अँटिव्हायरस ॲप्स तपासली तर ३० टक्क्यांच्या वर मालवेअर पकडणारी फक्त ८० निघाली. माझं मत असं की प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा, बाहेरून काही टाकू नका, आणि वेगळं हवंच असेल तर जुन्या नावाजलेल्या कंपनीचं घ्या, क्लीनर आणि बूस्टर तर मुळीच नको.

अपडेटचं थोडक्यात. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची त्रुटी निघाली, नुसता एमएमएस येऊन फोन धोक्यात येऊ शकत होता, त्यानंतर गुगलने दर महिन्याला सुरक्षेचे अपडेट द्यायला सुरुवात केली. तुमच्या फोनला शेवटचं कधीचं मिळालंय ते सेटिंग्समध्ये सिक्युरिटी अपडेट म्हणून तारीख असते तिथे बघा. तारीख खूप जुनी असेल आणि नवं काही येतच नसेल तर त्या फोनवर गाणी ऐका, व्हिडिओ बघा, पण बँक ठेवू नका.

आयफोनवाल्यांसाठी एवढंच की तिथे धोका कमी आहे, शून्य नाही. २०१५ मध्ये एक्सकोडघोस्टचा प्रकार झाला, ॲप बनवायचं साधनच नकली फिरवलं गेलं आणि त्यामुळे ॲप स्टोअरवरची खरी ॲप्स बाधित झाली. सध्या जास्त करून टेस्टफ्लाइटवरून, म्हणजे अजून चाचणीत असलेली ॲप्स वापरायच्या ॲपलच्या सोयीतून, ॲप टाका किंवा हे प्रोफाइल, म्हणजे फोनची सेटिंग्स बदलणारी फाइल, इन्स्टॉल करा असं सांगून फसवतात, विशेषतः गुंतवणुकीच्या नावाखाली. सेटिंग्समध्ये जनरल, मग व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट, तिथे ऑफिसने दिलेल्याशिवाय काही दिसायला नको. जेलब्रेक, म्हणजे ॲपलने घातलेली बंधनं तोडून फोन मोकळा करणं, करू नका.

घरातल्या मोठ्यांचे फोन तुम्हीच लावून द्या, त्यांना हे सगळं समजावत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं. ॲन्ड्रॉइड १६ असेल तर ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन चालू करा, त्यात बाहेरचं ॲप इन्स्टॉलच होत नाही, आणि नव्या सॅमसंग फोनमध्ये ऑटो ब्लॉकर आहे तो तेच करतो. आणि त्यांना एकच सांगा की फोनने इन्स्टॉल विचारलं तर आधी मला फोन करा, कितीही वेळा करा. आणि केला की चिडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते विचारणार नाहीत.

टाकून बसलोय, आता काय

आधी नेट बंद. फ्लाइट मोड टाका आणि वायफाय बंद झालंय ना ते बघा, कारण काही फोनमध्ये फ्लाइट मोडमध्येही वायफाय चालू राहतं. यामुळे चोराचा आणि फोनचा संबंध तुटतो. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, कार्ड आणि ऑनलाइन व्यवहार थांबवायला सांगा, आणि हे ॲप शोधण्याच्या आधी करा, लोक उलटं करतात, तासभर ॲप शोधत बसतात आणि तोवर पैसे गेलेले असतात. पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून बदला, आधी ईमेलचा, मग बँकेचा, कारण ईमेल हातात असला की बाकी सगळे पासवर्ड रीसेट करता येतात. बिघडलेल्या फोनवर नवा पासवर्ड टाइप केला तर तोही गेलाच समजा. गुगल अकाउंटमध्ये लॉगिन असलेल्या डिव्हाइसची यादी असते, तिथून तो फोन आणि जे ओळखीचं नाही ते सगळं साइन आउट करा.

आता ॲप. होम स्क्रीनवर आयकॉन दिसेलच असं नाही, बरीच मालवेअर ॲप्स आयकॉन लपवतात, म्हणून सेटिंग्समधली पूर्ण यादी बघा. नाव सिस्टिम अपडेट किंवा सेटिंग्स असंही असतं, किंवा नावाची जागा रिकामीच. संशय आला की त्याच्या ॲप इन्फोमध्ये खाली जा, ॲप कुठून इन्स्टॉल झालं ते तिथे लिहिलेलं असतं. आधी ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन काढा, मग अनइन्स्टॉल. सेटिंग्स उघडली की आपोआप बंद होते किंवा बटण दाबलं की मागे ढकललं जातं असं होत असेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा, बऱ्याच फोनमध्ये पॉवर ऑफचं बटण स्क्रीनवर दाबून धरलं की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे काढता येतात.

त्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी दिलेली होती असं लक्षात आलं तर नुसतं काढण्यावर मी थांबणार नाही, फॅक्टरी रीसेट करा. त्याने आत अजून काय आणून ठेवलं ते सांगता येत नाही. त्याआधी फोटो आणि कॉन्टॅक्ट काढून घ्या, एपीके फाइली घेऊ नका, आणि रीसेटनंतर ॲप्स जुन्या बॅकअपवरून सगळी एकदम परत न आणता लागतील तशी एकेक स्टोअरवरून टाका. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा, कोणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर तुमचं अकाउंट जोडलेलं असेल तर ते फोन रीसेट करून जात नाही, तिथून लॉग आउट करावं लागतं. ओळखीच्या लोकांना कळवा की माझ्या नंबरवरून लिंक किंवा फाइल आली असेल तर उघडू नका, लाज वाटून गप्प बसू नका, तुमच्या एका मेसेजने पुढचे वाचतील.

आणि पुढचे दोनतीन महिने बँकेचं स्टेटमेंट आणि मोबाईलचं बिल ओळ न ओळ बघा. जोकरसारख्याने एखादी सदस्यता घेऊन ठेवली असेल तर ॲप काढल्याने ती बंद होत नाही, मोबाईल कंपनीला सांगून वेगळी बंद करावी लागते, आणि परत अशा सेवा माझ्या नंबरवर चालू करू नका असं सांगता येत असेल तर तेही त्याच फोनमध्ये सांगून टाका.